आरोग्यसेवेतील मानदुखी व कंबरदुखी (सांगली-मिरज)

रुग्ण उचलणे, कुशीवर वळवणे, वर सरकवणे, तासन्‌तास वाकून किंवा मान खाली घालून काम करणे यांमुळे परिचारिका, वॉर्डातले मामा-मावशी, डॉक्टर, तंत्रज्ञ, रुग्णवाहिकेवरचे कर्मचारी आणि गावोगावच्या आरोग्यसेविका यांना जडणारी मान, पाठ व कंबर यांची दुखणी. कामाशी निगडित स्नायू-अस्थी विकारांत त्यांची गणना होते. वर्षभरात एकदा तरी कंबर दुखली, असे सांगणाऱ्या परिचारिकांचे प्रमाण देशोदेशींच्या बहुतेक पाहण्यांत निम्म्याच्या वर जाते. कंबरेखालोखाल मान आणि खांदे येतात. अशा पाहण्यांसाठी बहुतेक ठिकाणी १९८७ साली प्रसिद्ध झालेली नॉर्डिक प्रश्नावली वापरतात. तिच्यात शरीराचे नऊ भाग दाखवलेले असतात आणि कुठे दुखते ते स्वतः कर्मचाऱ्याने सांगायचे असते. भारतातल्या फिजिओथेरपी महाविद्यालयांत हा प्रबंधासाठी हुकमी विषय आहे. मोजमाप त्यामुळे भरपूर झाले आहे. वॉर्डातली खाट मात्र बदललेली नाही.

सांगली जिल्ह्यात हा विषय काढला की आधी मिरज आठवते. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये येथे मिशनचे रुग्णालय उभारले, १९६२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले आणि रेल्वे जंक्शनमुळे बेळगाव-विजापूरपासूनचे रुग्ण येथे उतरू लागले. आज या गावातल्या कितीतरी घरांत कोणी ना कोणी सिस्टर, ब्रदर, टेक्निशियन, नाहीतर वॉर्डात मावशी म्हणून कामाला असते. ‘कंबर धरली’, ‘उसण भरली’, ‘मान आखडली’ हे शब्द येथे ड्युटी बदलताना रोज कानावर पडतात आणि त्यांचे कोणाला विशेष वाटत नाही.

भाराचे गणित

सांगलीच्या मार्केट यार्डात हमाल हळदीचे पोते पाठीवर घेतो तेव्हा पोत्याचे वजन त्याला माहीत असते, पोते हलत नाही आणि भार मणक्याच्या रेषेजवळ राहतो. रुग्णाच्या बाबतीत यातले एकही खरे नसते. रुग्णाला धरायला मूठ नसते, त्याला दुखत असते, नळ्या लावलेल्या असतात आणि मधेच घाबरून तो सिस्टरच्या गळ्यात हात टाकतो. शिवाय खाटेच्या कडेवरून वाकून उचलावे लागत असल्याने भार शरीरापासून लांब राहतो. हा लांबपणाच घात करतो. पाठीचे स्नायू मणक्याच्या मध्यापासून जेमतेम ५ सेंमीवर असतात. १५ किलोचा भार ५० सेंमी पुढे धरला, तर तो तोलण्यासाठी या स्नायूंना त्याच्या दहापट, म्हणजे सुमारे १५० किलोचा जोर लावावा लागतो. वाकलेल्या धडाचे स्वतःचे वजन त्यात धरलेले नाही. त्यातच कंबरेत पीळ पडला, तर मणक्यांमधल्या गादीच्या कडेच्या तंतूंवर ताण येतो.

अमेरिकेतील व्यवसाय-सुरक्षा संस्थेच्या सूत्रात सर्व गोष्टी अनुकूल असताना उचलायच्या वस्तूची कमाल मर्यादा २३ किलो आहे. रुग्णासाठी ती ३५ पौंड, म्हणजे सुमारे १६ किलो असावी, असे २००७ मध्ये मांडले गेले. साठ किलोच्या माणसाला दोघांनी उचलले तरी प्रत्येकाच्या वाट्याला ३० किलो येतात. एकट्याने किंवा दुकट्याने प्रौढ रुग्ण सुरक्षितपणे उचलण्याचा ‘योग्य मार्ग’ असतो, ही समजूत या आकड्यांपुढे टिकत नाही.

फॉलर खाट आणि खाली घसरणारा रुग्ण

वॉर्डात सर्वांत जास्त वेळा होणारे आणि सर्वांत कमी लक्षात घेतले जाणारे काम म्हणजे पायथ्याकडे घसरलेल्या रुग्णाला वर सरकवणे. फॉलर खाटेला, म्हणजे पाठ व गुडघे वर-खाली करता येणाऱ्या खाटेला, पायथ्याशी फिरवायचे दोन दांडे असतात. एकाने पाठीकडचा भाग उचलतो, दुसऱ्याने गुडघ्याकडचा. आधी गुडघे थोडे वर घेऊन मग पाठ उचलली तर रुग्ण जागेवर राहतो. गुडघ्याचा दांडा गंजून बसलेला असला, किंवा घाईत फक्त पाठच उचलली, की रुग्ण हळूहळू खाली येऊ लागतो. तासाभरात त्याचे पाय खाटेच्या दांडीला टेकतात, हनुवटी छातीला लागते आणि त्याला दम लागतो. मग सिस्टर एका बाजूला, रुग्णाचा भाऊ नाहीतर सून दुसऱ्या बाजूला, ‘एक, दोन, तीन’ म्हणून काखेत हात घालून ओढाओढ होते. दोघांची उंची सारखी नसते, जोर एकाच वेळी लागत नाही आणि खाट तशीच चढावर असते. ओढण्याआधी पाठीकडचा भाग सपाट केला, तर निम्मा त्रास वाचतो. काखेऐवजी अंगाखालची ड्रॉशीट (रुग्णाच्या धडाखाली आडवी घातलेली चादर) धरली, तर रुग्णाचा खांदाही शाबूत राहतो. हे सगळे नर्सिंगच्या पहिल्या वर्षात शिकवतात. पण चाळीस खाटांच्या रात्रपाळीला दोन सिस्टर असल्या की दांडा फिरवायला लागणारा अर्धा मिनिटही परवडत नाही.

या खाटांची उंची बहुधा बदलता येत नाही. पाच फुटी सिस्टरला आणि पावणेसहा फुटी ब्रदरला तीच खाट. ड्रेसिंग, कॅथेटर, बेडपॅन, चादर बदलणे ही सारी कामे अर्धवट वाकूनच होतात. एकदा भरलेल्या उसणीपेक्षा हे रोजचे अर्धवट वाकणे अधिक नुकसान करते. उसण निदान जाणवते तरी. कोविडकाळात यात नवी भर पडली. प्राणवायू वाढावा म्हणून अत्यवस्थ रुग्णाला पालथे करण्यासाठी चार-पाच जण लागत आणि अंगावर घामाने भिजलेला पीपीई किट असे.

मान

माणसाचे डोके सुमारे ४.५ ते ५ किलोचे असते. ते ६० अंश पुढे झुकले की मानेवर २७ किलोपर्यंत भार येतो, असा हिशेब २०१४ मध्ये एका अमेरिकी शल्यविशारदाने प्रतिमानाच्या आधारे मांडला. आकडा ढोबळ आहे, पण दिशा बरोबर आहे. दंतवैद्य, सूक्ष्मदर्शकावर स्लाइड पाहणारे तंत्रज्ञ, दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करणारे सर्जन आणि सोनोग्राफी करणारे डॉक्टर यांना कंबरेपेक्षा मान आणि खांदा जास्त सतावतो. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत चित्र दाखवणारा पडदा डोळ्यांच्या किंचित खाली व अगदी समोर हवा. ऑपरेशन थिएटरमध्ये तो भिंतीच्या कडेला अडकलेला असतो आणि सर्जन दोन तास मान वळवून उभा राहतो. कॅथलॅबमध्ये (क्ष-किरणांखाली हृदयाच्या रक्तवाहिन्या तपासण्याच्या खोलीत) घालायचे शिशाचे एप्रन पाच ते सात किलोचे असतात. अखंड एप्रनऐवजी जाकीट-घागऱ्यासारखे दोन तुकड्यांचे घेतले, तर बराच भार खांद्यावरून नितंबावर उतरतो.

गावाकडची बाजू

जत, आटपाडी, कवठेमहांकाळ या तालुक्यांत वस्त्या विखुरलेल्या आहेत आणि शिराळ्याच्या पश्चिमेला डोंगराळ वाड्या. तेथील आरोग्यसेविका लसीचा डबा एका खांद्याला अडकवून फिरते, खराब रस्त्यावर स्कूटीचे हिसके खाते आणि अंगणवाडीत जमिनीवर बसून रजिस्टर भरते. २००५ पासून आलेल्या आशा कार्यकर्तींचेही असेच. २०१४ पासून धावणाऱ्या १०८ रुग्णवाहिकेवरच्या माणसांना तर जुन्या वाड्याच्या अरुंद जिन्यावरून रुग्ण खाली आणावा लागतो. तेथे स्ट्रेचर वळत नाही, म्हणून खुर्चीत बसवून नाहीतर चादरीत घालून आणतात. गावाकडच्या या कर्मचाऱ्यांत बहुसंख्य स्त्रिया आहेत. ड्युटी संपल्यावर घरचे पाणी, भाकऱ्या, धुणे यांचे वाकणे वेगळेच. डॉक्टर जेव्हा ‘विश्रांती घ्या’ म्हणतात तेव्हा हे वाकणे कोणी विचारात घेत नाही.

निदान व उपचार

साधी कंबरदुखी बहुतेकदा सहा आठवड्यांत ओसरते. अंथरुणाला खिळून राहण्यापेक्षा झेपेल तेवढे हिंडतेफिरते राहिल्याने ती लवकर बरी होते. लघवी-संडासवरचा ताबा जाणे, मांड्यांच्या मधल्या भागाला बधिरपणा येणे, पायातली ताकद कमी होत जाणे, तापासह पाठ दुखणे किंवा कारणाशिवाय वजन घटणे यांपैकी काही दिसले तर मात्र ताबडतोब तपासणी हवी. यांतल्या पहिल्या तीन खुणा एकत्र दिसल्या, तर तासांचा हिशेब असतो.

‘मणक्यात गॅप आहे’ हे आपल्याकडचे लाडके निदान एमआरआयच्या अहवालातून येते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यानुसार, काहीही न दुखणाऱ्या विशीतल्या लोकांपैकी ३७ टक्क्यांच्या आणि ऐंशीतल्या ९६ टक्क्यांच्या गादीत झीज दिसते. अहवालातल्या ओळीवरून दुखण्याचे कारण ठरवणे त्यामुळे धोक्याचे ठरते. तरी सिस्टरला एकदा ‘गॅप’ सांगितला की ती वाकायलाच घाबरते आणि स्नायू आणखी दुबळे होतात. दुसरी सवय याहून वाईट: औषधे हाताशी असल्यामुळे ड्युटीवरच डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाचे इंजेक्शन सहकाऱ्याकडून टोचून घेऊन पाळी भरून काढणे. जठर, मूत्रपिंड व रक्तदाब यांवर त्याचा परिणाम होतो, हे टोचणाऱ्यालाही माहीत असते.

प्रतिबंध

‘गुडघ्यात वाका, पाठ ताठ ठेवा’ अशी व्याख्याने दिली की जबाबदारी पार पडली, असे बहुतेक ठिकाणी मानले जाते. २०११ च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाच्या आढाव्यात) मात्र भार उचलण्याच्या नुसत्या सल्ल्याने वा प्रशिक्षणाने कंबरदुखी टळते, असा पुरावा मिळाला नाही. कंबरपट्ट्यांनीही ती टळत नाही. उपयोगी पडते ते उचलणेच कमी करणारे साहित्य: घसरती शीट, खाटेवरून ट्रॉलीवर नेणारी फळी, उंची बदलणारी खाट, उचलयंत्र, आणि पुरेसे हात. ब्रिटनने १९९२ च्या नियमांद्वारे धोकादायक उचलाउचल शक्य तेथे टाळण्याची जबाबदारी मालकावर टाकली. रुग्ण हाताळण्यासाठी २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक संघटनेचा स्वतंत्र तांत्रिक अहवालही निघाला. उचलयंत्र छोट्या रुग्णालयाला महाग वाटेल. घसरती शीट मात्र निसरड्या नायलॉनच्या कापडाची असते आणि गंजलेल्या दांड्याला तेल घालायला तर निविदा लागत नाही.

कायदेशीर स्थान

भारतात १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याने व्यवसायजन्य रोगांची यादी तिसऱ्या परिशिष्टात दिली. कंबरदुखीचा तिच्यात समावेश नव्हता. रुग्णालयात सुई टोचली तर संसर्गाच्या भीतीने तिची नोंद होते, रक्त तपासले जाते. रुग्ण उचलताना कंबर धरली तर ती आजारपणाच्या रजेत जाते आणि कशामुळे धरली हे कागदावर उरत नाही. परत आलेल्या कर्मचाऱ्याला ‘हलके काम’ म्हणून ओपीडीत किंवा केसपेपरच्या खिडकीवर बसवतात. वॉर्डातली तिची जागा बहुधा रिकामीच राहते आणि तिच्या वाट्याचे रुग्ण उरलेल्या सिस्टर वर सरकवतात.