काजूच्या टरफलातले आम्ल आणि दातांची कीड

मालवण-वेंगुर्ल्याकडे ओले काजूगर काढणाऱ्या बायका हातांना राख फासून बसतात, कारण बी चिरताना टरफलातून निघणारा तेलकट चीक कातडीला लागला की फोड येतात आणि कातडी सोलून निघते. या चिकात मुख्यत्वे अ‍ॅनाकार्डिक आम्ल असते. हेच आम्ल दात किडवणाऱ्या स्ट्रेप्टोकोकस म्युटन्स या जिवाणूला अत्यल्प मात्रेत मारते, असे संशोधक इसाओ कुबो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी प्रयोगशाळेत दाखवून दिले.

१९२४ मध्ये क्लार्क यांनी प्रथम वर्णन केलेला हा जिवाणू साखरेपासून दोन गोष्टी तयार करतो. एक म्हणजे लॅक्टिक आम्ल. त्यामुळे दातालगतचा सामू (पीएच) साधारण ५.५ च्या खाली गेला की दाताचे कवच विरघळू लागते. दुसरी म्हणजे ग्लुकान हा चिकट पदार्थ, आणि माझ्या मते खरी मेख इथेच आहे. कारण त्याच्या आधाराने जिवाणूंचा थर दाताला घट्ट धरून राहतो आणि परीक्षानळीत सहज मरणारा जिवाणू या थराच्या आत औषधाला दाद देत नाही.

अ‍ॅनाकार्डिक आम्लाच्या रेणूला पंधरा कार्बन अणूंची लांब शेपटी असते. ही शेपटी जिवाणूच्या आवरणात शिरते. तिच्यात तीन दुहेरी बंध असलेला प्रकार म्युटन्सविरुद्ध सर्वांत प्रभावी ठरला. मात्र बी भाजली की या आम्लातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कार्डानॉल हे वेगळेच संयुग उरते. शिवाय ज्या कुळातल्या बिब्ब्याचे तेल अंगावर उतते, त्याच कुळातला काजू आहे. म्हणून टरफलाचे तेल दातांना लावण्याचा प्रयोग घरी कोणीही, कृपा करून, करू नये. वनस्पतीचे म्हणून निर्धोक, हा समज किती घातक आहे हे तंबाखू भाजून केलेल्या मिश्रीने आपल्या गावागावांत दाखवून दिलेच आहे.

मला अधिक आशा वाटते ती जिवाणूला न मारता त्याची पकड सोडवणाऱ्या संयुगांबद्दल. चहातील कॅटेचिने ही संयुगे ग्लुकान बनवणाऱ्या विकरालाच (एन्झाइमलाच) रोखतात, असे प्रयोगशाळेत आढळले आहे. तोंडात शेकडो जातींचे जिवाणू नांदतात आणि त्यांतले बरेचसे निरुपद्रवी, काही तर उपयुक्त असतात. त्यामुळे सरसकट संहारापेक्षा हा मार्ग शहाणपणाचा आहे. अडचण लाळेची आहे, कारण ती असा पदार्थ थोड्याच वेळात धुऊन नेते. ही अडचण सुटून माणसांवरच्या चाचण्या होत नाहीत तोवर फ्लोराइडयुक्त टूथपेस्टला पर्याय म्हणून यांतले काहीही वापरता येणार नाही. कीड खरोखर कमी होते का, हे ठरवणाऱ्या माणसांवरच्या चाचण्या साधारण दोन ते तीन वर्षे चालवाव्या लागतात.