शिशाच्या पट्टीमागची ९०० वर्षं

स्टेन्ड ग्लासच्या, म्हणजे रंगीत काचेचे तुकडे जोडून केलेल्या खिडक्यांच्या कामात, शिशाची पट्टी वापरायच्या आधी ताणावी लागते. एक टोक टेबलाला बसवलेल्या छोट्या वाइसमध्ये अडकवायचं, दुसरं पकडीत धरायचं आणि एक पाय मागे ठेवून हळूहळू ओढायचं, पट्टीतले पीळ निघतात, ती जराशी लांबते आणि सरळ होते, जोर जास्त झाला तर मध्येच तुटते आणि ओढणारा मागच्या मागे जातो, पाय मागे ठेवायचा तो त्यासाठीच. पट्टीचा छेद इंग्रजी एच अक्षरासारखा असतो, दोन्ही बाजूंच्या खाचांमध्ये काचेचे तुकडे बसतात. आज स्टेन्ड ग्लासचं काम करणाऱ्या आर्टिस्टच्या आठवड्यात हे काम कुठेतरी असतंच, आणि साधारण याच आकाराची पट्टी १२व्या शतकातल्या कारागिराच्याही हातात होती.

बाहेरून बघणाऱ्याला दिसतो तो रंगीत उजेड. आतलं काम मात्र वेगळंच आहे. आधी छोटं स्केच, मग खिडकीच्या खऱ्या मापाचं ड्रॉइंग ज्याला या धंद्यात कार्टून म्हणतात, मग प्रत्येक तुकड्याला नंबर, काच निवडणं, कापणं, त्यावर पेंट करणं, भट्टीत भाजणं, शिशात बसवणं, सांधे सोल्डर करणं, पुट्टी भरणं, पुसणं, आणि शेवटी परांचीवर चढून ते बसवणं. शिवाय कोटेशन, कमिटीसमोर प्रेझेंटेशन, विमा, ईमेल. आणि हे सगळं बऱ्याचदा एकच माणूस करतो. हे सगळं एकाच माणसाच्या अंगावर कसं आलं, हा मला या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न वाटतो, कारण कायम असं नव्हतं.

सुरुवातीच्या काळाबद्दल आपल्याला जे कळतं त्यातलं बरंचसं थिओफिलस नावाच्या साधूमुळे. १२व्या शतकाच्या सुरुवातीला त्याने कलाकुसरीच्या कामांची एक माहिती लॅटिनमध्ये लिहून ठेवली, त्यात काचेचा भाग इतका नेमका आहे की हा माणूस स्वतः भट्टीशेजारी उभा राहिलेला आहे हे लगेच जाणवतं. काच बनवायला बीच झाडाची राख दोन भाग आणि वाळू एक भाग. चित्र काढायचं ते लाकडी फळीवर, खडूचा पांढरा थर देऊन, आणि तीच फळी काच कापताना आणि जोडताना टेबल म्हणून वापरायची. त्या काळी हिरा लावलेली कटर नव्हती, तापवलेली लोखंडी सळई काचेवर फिरवून तडा पाडायचे, तडा जाईना तर बोटाला थुंकी लावून तिथे ओलं करायचं. काचेवर काढायचा काळा-तपकिरी रंग म्हणजे जाळलेलं तांबं आणि काचेची पूड, वाइनमध्ये किंवा मूत्रात खलून. अशा पांढऱ्या थराच्या १४व्या शतकातल्या दोन फळ्या स्पेनमधल्या जिरोना गावात खरोखर सापडल्या, त्यावरच्या रेषा तिथल्या कॅथेड्रलच्या, म्हणजे मुख्य चर्चच्या खिडक्यांशी जुळतात, म्हणजे थिओफिलसने लिहिलं तसंच काम पुढे दोन-अडीचशे वर्षं चालू होतं.

त्या काळातला एक चेहरासुद्धा आपल्याकडे आहे. साधारण ११५० ते ११६० च्या दरम्यानची एक खिडकी जर्मनीत आहे, तिच्यात गेर्लाखस नावाच्या कारागिराने खालच्या कोपऱ्यात स्वतःलाच रंगवलंय, हातात ब्रश आणि रंगाचं भांडं, आणि भोवती राजांच्या राजाला उद्देशून प्रार्थना की गेर्लाखसवर कृपा कर. मध्ययुगातल्या खिडक्यांवर कारागिराचं नाव सहसा नसतंच, म्हणून मला हा कोपरा फार मोलाचा वाटतो.

स्टेन्ड ग्लास या नावाचं पण सांगायला हवं. काचेतला निळा, लाल, हिरवा हा डाग नाहीच, तो काच वितळलेली असतानाच धातू मिसळून आलेला असतो, निळ्यासाठी कोबाल्ट, लालसाठी तांबं. खरा स्टेन एकच, चांदीचा. १४व्या शतकाच्या सुरुवातीला युरोपातल्या कारागिरांना कळलं की चांदीचं संयुग काचेच्या मागच्या बाजूला लावून भाजलं की फिकट पिवळ्यापासून गडद केशरीपर्यंत रंग काचेत मुरतो. याने कामच बदललं, कारण आता एका पांढऱ्या तुकड्यावर चेहरा आणि सोनेरी केस दोन्ही काढता यायला लागले, मध्ये शिसं घालायची गरज उरली नाही. आजचे पेंटर हेच तंत्र वापरतात आणि भट्टी उघडेपर्यंत कोणती छटा येईल याची खात्री आजही कुणी देत नाही.

आता पैशाचं आणि हाताचं. १४०५ मध्ये यॉर्क मिन्स्टर या इंग्लंडमधल्या मोठ्या चर्चने कॉव्हेंट्रीच्या जॉन थॉर्नटनशी पूर्वेकडच्या मोठ्या खिडकीचा करार केला. खिडकी जवळजवळ टेनिस कोर्टाएवढी, मुदत ३ वर्षं. आठवड्याला ४ शिलिंग, वर्षाला ५ पौंड वेगळे, आणि काम वेळेत नीट झालं तर वर १० पौंड, तीन वर्षांचे मिळून साधारण ५६ पौंड. त्या करारातली एक अट मला फार बोलकी वाटते, की चित्रं थॉर्नटनने स्वतःच्या हाताने काढायची. म्हणजे तेव्हाही ग्राहकाला माहीत होतं की वर्कशॉपमध्ये दहा हात असतात आणि नाव एकाचं असतं. खिडकीच्या अगदी वरच्या टोकाला १४०८ साल लिहिलेलं आहे, म्हणजे त्याने मुदत पाळली.

त्यानंतर शंभरेक वर्षांनी पडती सुरू झाली. १६व्या शतकात, चर्चमधल्या चित्रांना आणि मूर्तींना विरोध करणाऱ्या धर्मसुधारणेच्या लाटेत इंग्लंडमध्ये आणि इतरही ठिकाणी खिडक्या फोडल्या गेल्या, १६४०च्या दशकात विल्यम डाउसिंग नावाचा माणूस तर चर्चमागून चर्च फिरून काय काय फोडलं याची डायरी ठेवत होता. जे उरलं त्या कामातही एनॅमलचे रंग आले, पांढऱ्या काचेवर कॅनव्हाससारखं रंगवायचं, त्यामुळे रंगीत काच बनवण्याचं ज्ञानच मागे पडत गेलं. १८व्या शतकात फ्रान्समध्ये आत उजेड कमी पडतो म्हणून चर्चवाल्यांनी स्वतःच जुन्या रंगीत खिडक्या काढून साध्या काचा बसवल्याची उदाहरणं आहेत.

१९व्या शतकात गॉथिक, म्हणजे मध्ययुगातल्या टोकदार कमानींच्या इमारतींची आवड परत आली, नवी चर्च भराभर बांधली जायला लागली आणि खिडक्यांची मागणी एकदम वाढली, पण काच चांगली मिळेना. गुळगुळीत, एकसारखी, त्यातून उजेड सरळ आरपार निघून जायचा. चार्ल्स विन्स्टन हा पेशाने वकील, काचेच्या वेडापायी त्याने जुन्या काचांचे तुकडे केमिस्टकडून तपासून घेतले आणि लंडनच्या पॉवेल कंपनीसोबत तशी काच परत बनवून घेतली. तोंडाने फुंकलेली, बुडबुडे आणि लहरी असलेली ही काच आजही अँटिक ग्लास म्हणूनच विकली जाते, नवी कोरी असली तरी. फुंकून लांब सिलिंडर करायचा, दोन्ही टोकं कापायची, उभी चीर द्यायची आणि गरम करून उलगडून सपाट करायचा. एका शीटची जाडी सगळीकडे सारखी नसते, म्हणून एकाच शीटच्या एका टोकाला निळा गडद आणि दुसऱ्या टोकाला पाण्यासारखा दिसतो. आर्टिस्ट तासभर एक शीट खिडकीसमोर धरून फिरवत बसतो तो याच्यासाठी, चेहऱ्याची सावली कुठल्या भागातून कापायची ते ठरवायला.

मागणी वाढली तशा मोठ्या फर्म आल्या आणि कामाचे तुकडे पडले. एक डिझाइन काढणार, दुसरा कार्टून मोठं करणार, तिसरा फक्त चेहरे रंगवणार, चौथा फक्त कापडाच्या चुण्या, कापणारे आणि शिसं लावणारे आणखी वेगळे. क्रिस्टोफर व्हॉल हा याच पद्धतीसाठी डिझाइन करून द्यायचा, पण आपल्या डिझाइनची दुसऱ्यांनी केलेली खिडकी बघून तो इतका नाराज झाला की सगळ्या पायऱ्या स्वतः शिकला आणि १८९६ पासून लंडनच्या सेंट्रल स्कूल ऑफ आर्ट्स अँड क्राफ्ट्समध्ये तेच शिकवायला लागला, की जो चित्र काढतो त्यानेच काच निवडायची, त्यानेच रंगवायचं. आज आपण स्टेन्ड ग्लास आर्टिस्ट म्हणतो तेव्हा डोळ्यासमोर जो माणूस येतो, स्वतःच्या स्टुडिओत सगळं स्वतः करणारा, तो खऱ्या अर्थाने इथून सुरू होतो. म्हणजे हा आदर्श जेमतेम सव्वाशे-दीडशे वर्षं जुना आहे.

पण नुसत्या आदर्शाने भागत नाही, भट्टी लागते, जागा लागते. हे ओळखलं मेरी लाउंड्सने. ती व्हॉलच्या वळणाची, आणि मताधिकाराच्या चळवळीत बायकांच्या मोर्चांसाठी बॅनर डिझाइन करणारी. आल्फ्रेड ड्रुरी या कसबी कारागिरासोबत तिने १९०६ मध्ये लंडनच्या फुलहॅममध्ये ग्लास हाउस उघडलं, तिथे कुठलाही स्वतंत्र आर्टिस्ट स्टुडिओ भाड्याने घ्यायचा, काच, भट्टी आणि मदतनीस तिथेच मिळायचे. कितीतरी बायका याच इमारतीमुळे या धंद्यात उभ्या राहिल्या. त्याआधी १९०३ मध्ये डब्लिनला सारा पर्सरने अन टूर ग्लोइन्या हा सहकारी पद्धतीचा स्टुडिओ काढला होता, विल्हेल्मिना गेडिस आणि ईव्ही होन ही मोठी नावं तिथलीच. आज चार आर्टिस्ट मिळून एक जागा आणि एक भट्टी शेअर करतात ती कल्पना नवी नाही, तिचं मूळ या दोन इमारतींत सापडतं.

अमेरिकेत तोपर्यंत वेगळीच वाट निघाली होती. जॉन ला फार्ज आणि लुइस टिफनी यांनी १८८०च्या आसपास दुधट, ढगाळ, एकाच शीटमध्ये चार रंग मिसळलेली ओपलेसंट काच खिडक्यांत आणली आणि पेंट जवळपास बाजूला ठेवला. बारीक तुकड्यांसाठी शिशाऐवजी तांब्याची पातळ पट्टी कडेला गुंडाळून त्यावर सोल्डर चढवायची पद्धत टिफनीच्या कारखान्यात रुळली, आज छंद म्हणून शिकणारे बहुतेक लोक हीच कॉपर फॉइल पद्धत पहिल्यांदा शिकतात. तिथे काच निवडायला आणि कापायला १८९२ पासून बायकांचा वेगळा विभाग होता, प्रमुख क्लारा ड्रिस्कॉल. ड्रॅगनफ्लाय आणि विस्टेरिया हे जगप्रसिद्ध दिवे तिच्या डिझाइनचे होते हे तिची पत्रं अभ्यासकांच्या हाती लागल्यावर, २००० नंतर जगाला कळलं. इतकी वर्षं नाव फक्त मालकाचं होतं. शिवाय लग्न झालं की बाईला नोकरी सोडावी लागायची. हे वाचलं की मला राग येतो, आणि आज कुणी खिडकीखाली बनवणाऱ्या हातांचीही नावं लिहिली तर मनापासून बरं वाटतं.

कारण हा प्रश्न २०व्या शतकातही गेला नाही. चित्रकार मार्क शगालच्या खिडक्या म्हणतो आपण, पण त्या काचेत उतरवल्या फ्रान्समधल्या रीम्सच्या सिमॉन-मार्क स्टुडिओतल्या चार्ल्स मार्क आणि ब्रिजित सिमॉन यांनी. साध्या काचेवर रंगाचा पातळ थर असलेली काच चार्ल्स मार्कने मुद्दाम करवून घेतली, अ‍ॅसिडने तो थर कमीजास्त खरवडला की एकाच तुकड्यात गडद ते पांढऱ्यापर्यंत सगळ्या छटा मिळतात, आणि शिशाच्या रेषांनी रंग तोडावा लागत नाही. जेरुसलेमच्या हदासा हॉस्पिटलमधल्या सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाच्या १२ खिडक्या, १९६२ च्या, अशाच झाल्या. २००७ मध्ये जर्मनीतल्या कोलोन कॅथेड्रलमध्ये चित्रकार गेरहार्ड रिश्टरची खिडकी बसली, ७२ रंगांचे सुमारे ११ हजार चौकोन, २०१८ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबी या चर्चमध्ये चित्रकार डेव्हिड हॉकनीची, तिचं डिझाइन आयपॅडवर. दोन्ही ठिकाणी काच कापून जोडणारे स्टुडिओ वेगळे. पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलमध्ये सहा नव्या खिडक्यांसाठी २०२४ च्या शेवटी क्लेअर ताबुरे या चित्रकर्तीची निवड झाली, तेव्हाही करणारा स्टुडिओ सिमॉन-मार्कच. म्हणजे व्हॉलने जे जोडलं ते मोठ्या कामांमध्ये परत सुटं झालंय, आणि स्वतंत्र आर्टिस्टकडे घरांचे दरवाजे, छोटी पॅनल, क्लासेस आणि जुन्या खिडक्यांची दुरुस्ती राहते.

दुरुस्ती हा तर बऱ्याच स्टुडिओंचा कणाच आहे. शिसं साधारण शंभर-दीडशे वर्षांत थकतं, पॅनल फुगतं, सांधे तडकतात, मग सगळं सोडवून नव्या शिशात बसवावं लागतं. यॉर्कची थॉर्नटनची खिडकी २००८ मध्ये उतरवली आणि ३११ पॅनलांवर काम करून २०१८ मध्ये परत पूर्ण बसवली. मूळ काम तीन वर्षांत झालं आणि दुरुस्तीला दहा वर्षं लागली, कारण आता मूळ काचेचा कणही टाकायचा नसतो, जे कराल ते उद्या परत काढता यायला हवं.

सामानाची काळजीही आहे. फुंकून शीट बनवणारे कारखाने आता जगात मोजकेच राहिलेत, जर्मनीतला लॅम्बर्ट्स आणि फ्रान्समधला सें-जुस्त ही त्यातली मोठी नावं. ब्रिटनमध्ये ही कला आता संपल्यात जमा झालीय. दुसरीकडे शिसं २०१८ पासून युरोपियन युनियनच्या अतिघातक पदार्थांच्या यादीत आहे. ते विषारी आहे हे खरंच आहे, स्टुडिओत खात नाहीत, हात धुतल्याशिवाय घरी जात नाहीत, रक्तातलं शिसं तपासून घेतात. पण पूर्ण बंदीची वेळ आली तर जुन्या खिडक्या कशात बसवायच्या याचं उत्तर कुणाकडे नाही, त्यामुळे यादीतली प्रत्येक हालचाल हे लोक जीव मुठीत धरून बघतात.

पॅनल पूर्ण झालं की शेवटचं काम पुट्टीचं. खडूची पूड, जवसाचं तेल आणि थोडी काजळी, हे ब्रशने शिशाच्या कडेखाली दाबत जायचं, सगळीकडे काळं होतं, मग कोरडी पूड टाकून घासायचं, तासाभराने काच परत चमकायला लागते आणि शिसं गडद होतं. दुरुस्तीच्या पॅनलमध्ये नवा तुकडा घातला असेल तर त्यावर बारीक अक्षरात साल घालून ठेवायची चांगल्या स्टुडिओंची पद्धत आहे. पुढच्या वेळी कुणी हे शिसं उघडेल तेव्हा त्याला कळावं, हा तुकडा जुना नाही, हा आमचा.