सात चांगलं की वाईट? हिमोग्लोबिन आणि एचबीएवनसी

परभणीत लॅबच्या खिडकीवर रिपोर्ट देताना हा घोळ मी कायम बघतो. मागच्या उन्हाळ्यात गंगाखेडकडच्या एक मावशी कागद हातात घेऊन हसतच म्हणाल्या, "सात आलंय बघ बाबा! डॉक्टर मागंच म्हणले होते, सातावर आणा म्हणून." त्यांचं बोट हिमोग्लोबिनवर होतं.

डॉक्टरांना हवा होता तो सात एचबीएवनसीचा, म्हणजे आपल्याकडं ज्याला 'तीन महिन्यांची शुगर' म्हणतात त्याचा. हिमोग्लोबिन बाईमाणसाला निदान १२ हवं, पुरुषाला १३. ते सात म्हणजे रक्त फारच कमी. एचबीएवनसीचं उलट. ५.७ च्या खाली असेल तर शुगर नाही, ६.५ किंवा वर गेला तर मधुमेह, आणि शुगरच्या बहुतेक पेशंटना सातच्या आत ठेवायला सांगतात. एकाच कागदावर एक आकडा चढायला हवा, दुसरा उतरायला.

यात लोकांचा काय दोष? दोन्ही नावांत 'एचबी', दोन्हीसाठी रक्त जांभळ्या टोपणाच्याच नळीत, आणि उपाशीपोटी यायची गरज दोन्हीला नाही. मात्र हिमोग्लोबिन ग्रॅममध्ये मोजतात: एक डेसीलिटर रक्तात ते आहे किती. एचबीएवनसी टक्क्यांत: आहे त्या हिमोग्लोबिनपैकी किती हिश्शाला साखर चिकटलीय.

गुऱ्हाळावर राबणाऱ्या माणसाचा सदरा आठवा. काकवीचे डाग किती पडले ते दोन गोष्टींवर ठरतं: काकवी किती उडते आणि सदरा किती दिवस अंगावर आहे. हिमोग्लोबिन ज्यात असतं ती तांबडी पेशी साधारण १२० दिवस रक्तात फिरते आणि एकदा चिकटलेली साखर ती मरेपर्यंत सोडत नाही. म्हणूनच तीन महिन्यांचा हिशेब एका थेंबात मिळतो. तपासणीच्या आदल्या दिवशी भात सोडून हा आकडा खाली येत नाही, कितीही जणांनी करून पाहिलं तरी.

मग रक्त कमी असलं की टक्का आपोआप बदलतो का? नाही. माणसं कमी झाली म्हणून डागाळलेल्या सदऱ्यांचं प्रमाण बदलत नाही. सदरे जुने की नवे, यावर बदलतं. लोह कमी पडलं की नव्या पेशी मंदावतात आणि जुन्याच जास्त उरतात. अशा वेळी एचबीएवनसी खऱ्या शुगरपेक्षा चढा दिसू शकतो. बी-ट्वेल्व्ह जीवनसत्त्व कमी असलं तरी तेच होतं, आणि माळकरी घरांत, त्यातही वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी चालू असेल तर, ते कमी सापडतं. उलट नुकताच रक्तस्राव झालाय, रक्ताची बाटली चढवलीय किंवा सिकलसेलसारख्या आजारात पेशी लवकर फुटतायत, तर आकडा खोटाच कमी येऊ शकतो. मला या दुसऱ्या चुकीची जास्त भीती वाटते, कारण चांगला रिपोर्ट कोणी परत तपासत नाही.

मावशींचा एचबीएवनसी होता ८.१, म्हणजे सरासरी शुगर १८६ च्या आसपास. पण त्यांच्या पोरानं वहीत लिहिलेले घरच्या मशीनचे आकडे बघितले तर उपाशीपोटी ११५, १२२, जेवणानंतर १६० च्या आत. शिवाय सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या तपासणीत, एमसीव्ही (तांबड्या पेशीचा सरासरी आकार) ६४ होता. तो ८० च्या वर हवा. पेशी बारीक झाल्या की आधी लोहाकडंच बोट जातं. डॉक्टरांनी शुगरची गोळी वाढवली नाही, लोहाची सुरू केली, आणि रक्त कुठं जातंय ते शोधायला सांगितलं.

शेजारणीनं मात्र त्यांना रक्त वाढायला रोज गूळ-शेंगदाणे खायला सांगितलं होतं. आपल्याकडं प्रत्येक गल्लीत हा सल्ला फुकट मिळतो. गुळात लोह असतं ते थोडं, साखर भरपूर. रक्त कमी आणि शुगर जास्त असलेल्या माणसाला तो सौदा परवडत नाही. शेंगदाणे खा, गूळ ठेवा बाजूला. आणि लोहाची गोळी चहासोबत घेऊ नका, चहानं लोह अंगी लागत नाही.

दिवाळीनंतर मावशी परत आल्या. हिमोग्लोबिन १०.९, एचबीएवनसी ७.२. या वेळी कागद खिडकीतूनच माझ्याकडं परत सरकवत त्यांनी विचारलं, "ह्यातलं वाढवायचं कोणतं होतं रे?" मी पेनानं एकापुढं वर जाणारा बाण काढून दिला, दुसऱ्यापुढं खाली जाणारा.