ऑर्किडच्या कुंडीत आधी हवा, मग पाणी

जानेवारीत पुण्याच्या एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनातून किंवा सोलापूर रस्त्यावरच्या एखाद्या नर्सरीतून हौसेने आणलेलं फॅलेनॉप्सिस जातीचं ऑर्किड दोन-तीन महिने फुलं मिरवतं. उन्हाळ्यात पानं मऊ पडून सुरकुततात. ‘पाणी कमी पडतंय’ म्हणत घरातलं कुणीतरी रोज सकाळी तांब्याभर पाणी घालायला लागतं आणि पावसाळा संपायच्या आत झाड जातं. अशा झाडाची कुंडी उलटी करून बघावी. मुळं तपकिरी, लिबलिबीत झालेली असतात. चिमटीत धरून ओढलं की वरचं आवरण अलगद सुटून येतं आणि आत दोऱ्याएवढी शीर तेवढी उरते. वासही डबक्याचा. पानं सुकली, कारण पाणी ओढायला मुळंच उरली नव्हती. आणि मुळं गेली ती कुंडीत भरलेल्या मालामुळे.

आपण घरी लावतो ती बहुतेक ऑर्किडं, म्हणजे फॅलेनॉप्सिस, डेंड्रोबियम, कॅटलिया, ऑन्सिडियम, व्हांडा, ही मुळात झाडांवर राहणारी. त्यांना बांडगूळ म्हणणं चूक आहे. ती आधाराच्या झाडाचा रस घेत नाहीत, फक्त जागा घेतात. सह्याद्रीत सीतेची वेणी नावाचं ऑर्किड आहे, तीही अशीच खोडाला बिलगून वाढते. तिची मुळं उघड्यावर असतात. सर आली की चिंब होतात, वारा सुटला की काही तासांत कोरडी पडतात. या मुळांवर मृत पेशींचं जाडसर, सच्छिद्र आवरण असतं. त्याला व्हेलामेन म्हणतात. कोरडं असताना त्यात हवा भरलेली असते म्हणून मूळ चंदेरी दिसतं. भिजलं की आवरण पारदर्शक होऊन आतल्या जिवंत पेशींतलं हरितद्रव्य दिसू लागतं आणि मूळ हिरवं होतं. पारदर्शक कुंडीत हा बदल डोळ्यांदेखत दिसतो. पाणी कधी घालायचं हे सांगणारी याहून सोपी खूण नाही.

व्हेलामेन भिजायला काही सेकंद ते काही मिनिटं पुरतात, सुकायला मात्र काही तास लागतात. पावसाच्या सुरुवातीला खोडावरून ओघळणाऱ्या पाण्यात विरघळलेली पोषकद्रव्यं सर्वांत जास्त असतात आणि हे आवरण तेवढं पाणी नेमकं पकडून ठेवतं, असा तर्क वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रिट्स वेंट यांनी १९४० मध्ये मांडला होता. २०१३ मध्ये गेरहार्ड झोट्झ आणि उवे विंकलर यांच्या प्रयोगांतून त्याला बळकटी मिळाली. थोडक्यात, हे मूळ चटकन पिऊन मग निवांत कोरडं होण्यासाठी घडलेलं आहे. त्याला कायम ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवलं तर ते गुदमरणारच.

गुदमरणं हा शब्द इथे अक्षरशः घ्यायचा. मुळांना श्वसनासाठी ऑक्सिजन लागतो. पुण्याच्या उंचीवर, ३० अंश तापमानाला एक लिटर पाण्यात जेमतेम ७ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळलेला असतो. तेवढ्याच हवेत तो २५० मिलिग्रॅमच्या आसपास असतो. शिवाय पाण्यातून ऑक्सिजन पसरण्याचा वेग हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी कमी. म्हणजे मुळाभोवतीच्या फटी पाण्याने भरल्या, की आत होता तेवढा ऑक्सिजन संपतो आणि नवा पोचत नाही. त्यात कुजणाऱ्या मालातले जिवाणूही वाटेकरी असतात. ‘जास्त पाण्याने झाड मेलं’ असं आपण म्हणतो. खरं तर ते हवेविना मरतं.

मग प्रश्न उरतो तो फटींच्या आकाराचा. अरुंद फटीत पाणी स्वतःच्या ताणाने अडकून राहतं. १ मिलिमीटर व्यासाच्या नळीत ते सुमारे ३ सेंटिमीटर चढतं, ०.१ मिलिमीटरच्या नळीत ३० सेंटिमीटर आणि बोटभर रुंद फटीत २-३ मिलिमीटर. माती किंवा कोकोपीटची भुकटी भरलेल्या पाच इंची कुंडीचा विचार करा. त्यातल्या फटी इतक्या बारीक असतात, की भोक कितीही मोठं असलं तरी पाण्याचा मोठा भाग खाली उतरतच नाही. आपल्याकडची काळी माती तर चिकणमातीच्या अतिसूक्ष्म कणांची. ती भिजली की फुगते आणि होत्या त्या फटीही मिटतात. गच्चीवरच्या गुलाबासाठी माळी जे माती-शेणखताचं मिश्रण करून देतो, ते ऑर्किडला लावू नये ते याचसाठी.

तळाशी खापऱ्यांचा थर दिला की निचरा होतो, ही समजूत घरोघरी आहे. तो थर निचरा करत नाही. वरच्या बारीक मालातलं पाणी खालच्या मोठ्या फटींत उतरायला तयारच नसतं. वरचा माल पूर्ण तुडुंब झाला तरच ते खाली थेंबतं. कुंडीच्या तळाशी जो चिखलाचा पट्टा राहिला असता तो खापऱ्यांच्या वर सरकतो, एवढंच. भोकातून माल गळू नये म्हणून एखादी खापरी ठेवायला हरकत नाही. पण हवा हवी असेल तर सगळाच माल जाडा लागतो.

किती जाडा, हे घरच्या घरी मोजता येतं. माल रात्रभर भिजवून, निथळवून एक लिटरच्या कुंडीत भरा. भोकं चिकटपट्टीने बंद करून काठोकाठ पाणी ओता. मग कुंडी पातेल्यावर धरून पट्टी काढा आणि खाली आलेलं पाणी मोजा. ३०० मिलिलिटर आलं तर निचऱ्यानंतर कुंडीत ३० टक्के जागा हवेची आहे. जाड्या सालीत हा आकडा सहज त्याच्या वर जातो आणि कोकोपीटच्या भुकटीत फार खाली राहतो. पाकिटावर ‘ऑर्किड मिक्स’ छापलेलं असलं तरी हा प्रयोग करावा. काही पाकिटांत तळाशी मूठभर भुसाच निघतो.

आता प्रत्यक्ष माल. नर्सरीतून फॅलेनॉप्सिस येतं ते बहुधा स्फॅग्नम मॉसमध्ये. या शेवाळाच्या पानांत पोकळ, मृत पेशी असतात आणि ते स्वतःच्या कोरड्या वजनाच्या पंधरा-वीस पट पाणी धरतं. उत्पादकाच्या दृष्टीने ते उत्तमच आहे. वजनाला हलकं, प्रवासात ओल टिकवणारं, आणि तळेगावसारख्या ठिकाणच्या पॉलिहाऊसमध्ये पंखे, ओले पॅड आणि पाण्याचं ठरलेलं वेळापत्रक असतं. घरी यातलं काहीच नसतं. कोरड्या हवेत वरचं मॉस संध्याकाळपर्यंत कुरकुरीत होतं, गाभा मात्र आठवडाभर ओलाच. आपण बोट लावतो वरच्या थराला आणि पुन्हा पाणी घालतो. म्हणून फुलं गळली की झाड बाहेर काढून मुळांच्या मधोमध दाबून बसवलेला मॉसचा गोळा सोडवावा. त्यात बरेचदा रोप लहान असतानाचा जुना गोळा तसाच शिल्लक असतो. मॉस वाईट नाही. मुळं गमावलेल्या आजारी झाडाला किंवा लहान रोपाला ते सैल भरून उपयोगी पडतं. मोठ्या झाडाला, विशेषतः ज्यांचा हात पाणी घालायला शिवशिवतो त्यांच्या घरी, मी ते देणार नाही.

पाईनची साल जगभर वापरतात. तिच्यातलं लिग्निन, म्हणजे लाकडाला कठीणपणा देणारं द्रव्य, आणि मेणचट द्रव्यं तिला सावकाश कुजू देतात. एक ते दोन सेंटिमीटरचे तुकडे फॅलेनॉप्सिसला चांगले. सुरुवातीला मात्र नवी साल पाणी धरत नाही, वरून ओघळून जातं. रात्रभर भिजवून मगच भरावी.

पुण्यात सहज मिळणारा माल म्हणजे नारळाच्या सोडणाचे तुकडे. सालीपेक्षा ते जास्त पाणी धरतात आणि तरी तुकड्यांमध्ये हवा राहते, त्यामुळे आपल्या उन्हाळ्याला ते मानवतात. अडचण क्षारांची. सोडणात पोटॅशियम आणि सोडियमचे क्षार भरपूर असतात आणि मुळांची टोकं त्यांनी करपतात. बादलीत भिजत घालून दर दिवशी पाणी बदला. पहिलं पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं निघतं. रंग फिका पडेपर्यंत हे चालू ठेवा. घरात टीडीएस मीटर असेल तर नळाचं पाणी आणि भिजवलेलं पाणी यांच्या आकड्यांत फारसा फरक न राहणं हा पक्का निकष. मग एक रात्र कॅल्शियम नायट्रेटच्या सौम्य द्रावणात ठेवून धुवा. नाहीतर सोडण तुमच्या खतातलं कॅल्शियम स्वतःकडे ओढून घेतं आणि झाडाला कमी पडतं. कच्च्या शहाळ्याचं सोडण मात्र टाळावं, ते लवकर कुजतं.

वखारीतला लाकडी कोळसा कुजत नाही, हलका असतो आणि मिश्रण मोकळं ठेवतो. तो ‘विष शोषून घेतो’ असं सांगितलं जातं ते ॲक्टिव्हेटेड कोळशाचं वर्णन. साध्या कोळशाकडून एवढी अपेक्षा नको, आणि खताचे क्षार त्याच्यावरही साचतात. शेगडीसाठी मिळणाऱ्या दाबून केलेल्या गोळ्या वापरू नका, त्यात चिकटद्रव्य असतं. पक्क्या भाजलेल्या विटेचे तुकडे डेंड्रोबियमला झकास. चांगली वीट वजनाच्या २० टक्क्यांपर्यंत पाणी पिते आणि हळूहळू सोडते. मात्र सिमेंट किंवा चुना चिकटलेला राडारोडा नको, तो पाणी अल्कधर्मी करतो. आणि विटांची टांगती कुंडी गॅलरीच्या हुकाला झेपते का, हेही बघा. थर्मोकोल जागा भरतो, पाणी धरत नाही. पर्लाइट (खडक तापवून फुगवलेले पांढरे, हलके दाणे), भाजलेल्या मातीचे गोळे हे चालतात, पण त्यांच्याशिवाय अडत नाही. व्हांडाला तर मालच लागत नाही. लाकडी जाळीत नुसती टांगून रोज मुळं भिजवली की झालं, पण एप्रिलच्या पुण्यात ते रोज खरोखर करणार असाल तरच. बुरूड आळीतली बांबूची टोपलीही छान दिसते. रोजच्या ओलीने ती लवकरच खिळखिळी होते, एवढं गृहीत धरावं.

ऑर्किडसाठी ‘मायकोरायझा पावडर’, म्हणजे मुळांशी सहजीवन करणाऱ्या बुरशीची पूड, विकतात, ती घेऊ नये. ऑर्किडच्या धुळीएवढ्या बीला रुजायला बुरशीची साथ लागते हे फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ नोएल बर्नार्ड यांनी १८९९ मध्ये दाखवलं, हे खरं. पण बाजारातल्या पावडरींत बहुधा वेगळ्याच गटातल्या बुरशी असतात, त्या ऑर्किडशी जुळतच नाहीत. आणि मोठं झालेलं झाड कुंडीत त्यांच्याशिवाय सुखाने फुलतं.

कुठलं माध्यम सर्वांत चांगलं, या प्रश्नाला पुण्यात एकच उत्तर देता येत नाही, कारण इथलं वर्ष दोन परस्परविरोधी हवामानांचं आहे. एप्रिलमध्ये पारा चाळिशीकडे आणि दुपारची आर्द्रता विशीत. जुलै-ऑगस्टमध्ये तीच ऐंशीच्या पुढे, आणि कधी कधी आठवडाभर भुरभुर चालू, ऊन नाही. मालाची निवड जुलै डोळ्यांसमोर ठेवून करावी असं माझं मत. उन्हाळ्यातली तहान शेडनेट, शेजारी पाण्याचे ट्रे आणि जास्त वेळा पाणी यांनी भागवता येते. जुलैमध्ये कुंडीत हवा कोंबायला काहीच साधन नसतं. कुंडीचं भांडंही मोजणीत धरा. कुंभारवाड्यातली मातीची कुंडी माठासारखी अंगातून पाणी सोडते, आत गारवा ठेवते आणि तोच माल प्लॅस्टिकपेक्षा लवकर सुकवते. दिवसभर ऑफिसात असणाऱ्याने प्लॅस्टिकच्या कुंडीत साल आणि थोडं सोडण घ्यावं. निवृत्त काका सकाळ-संध्याकाळ झारी घेऊन फिरत असतील तर मातीची कुंडी, कोळसा आणि विटा.

आपला अंदाज तपासायला स्वयंपाकघरातला वजनकाटा पुरतो. पाणी घालून निथळल्यावर कुंडीचं वजन लिहून ठेवा आणि रोज त्याच वेळी करा. समजा ८४० ग्रॅमवरून ते घटत घटत ६९० ला येऊन थांबलं, तर तेवढं पाणी उडालं आणि कुंडी कोरडी झाली. फॅलेनॉप्सिसची कुंडी चार ते सात दिवसांत या टोकाला येत असेल तर माल जमला. दहा दिवस झाले तरी वजन उतरतच असेल तर तुकडे मोठे करा. दोन दिवसांत कोरडी होत असेल तर सोडणाचं प्रमाण वाढवा.

आज जमलेला माल दोन वर्षांनी तसा राहत नाही. साल आणि सोडण कुजून बारीक होतं, फटी बुजतात आणि त्याच पाण्यात झाड गुदमरू लागतं. पाणी कुठलं, यानेही फरक पडतो. खडकवासल्याचं पाणी बरंच मृदू आहे, पण बोअरवेल किंवा टँकरवर अवलंबून असलेल्या सोसायट्यांत पाणी कठीण. तिथे मालावर, कुंडीच्या काठावर पांढरी पुटं चढतात. महिन्यातून एकदा भरपूर साध्या पाण्याने, किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्याने, कुंडी आरपार धुऊन काढावी.

कुंडी बदलायची ती फुलं संपल्यावर, नवी हिरवी मुळांची टोकं दिसू लागली की. आपल्याकडे फेब्रुवारी-मार्च सोयीचा. ऐन पावसात, अगदी गरज पडल्याशिवाय, नको. कात्री आधी निखाऱ्यावर धरून निववा, मग तिने कुजलेली मुळं कापा आणि जखमा सुकायला दोन-तीन दिवस द्या, तोवर पाणी नाही. कुंडी मुळं जेमतेम मावतील एवढीच घ्या, कारण मोठ्या कुंडीत मधला रिकामा माल ओलाच राहतो. झाड डुगडुगत असेल तर काठीला बांधा. हलत्या खोडाची नवी मुळं मालावर घासून टोकाशीच खुडली जातात.