खुलासा : इस्रायलमधले सगळे ज्यू युरोपातूनच आले का?

'इस्रायल म्हणजे युरोपातून आलेल्या ज्यूंचा देश', असा संदेश अनेक वर्षे फिरतो आहे. तो अर्धाच खरा आहे. मे 1948 मध्ये देश स्थापन झाल्यापासून 1951 अखेरपर्यंत तिथे सुमारे पावणेसात लाखांहून अधिक लोक आले. त्यांतले जवळपास निम्मे आशिया-आफ्रिकेतले होते.

इराकचंच बघा. मार्च 1950 च्या कायद्याने ज्यूंना देश सोडायची मुभा मिळाली, पण नागरिकत्व सोडण्याच्या अटीवर. बहुतेकांची नावनोंदणी झाल्यावर मार्च 1951 मध्ये त्यांची मालमत्ता गोठवली. प्रौढाला सोबत फक्त 50 दिनार नेता येत. असे सुमारे 1,20,000 लोक विमानाने गेले. येमेनचे जवळपास 49,000 लोक एडनमार्गे आले.

इस्रायलमध्ये या लोकांसाठी घरं तयार नव्हती. तंबू, पत्र्याच्या झोपड्या, सामाईक नळ आणि संडास. हिवाळ्यात पावसाने तंबू कोसळले. या छावण्यांना 'माबरा' म्हणत.

पडताळायचं तर इस्रायलच्या लोकसंख्येचे जन्मदेशवार तक्ते पाहा. मात्र आजचा तक्ता फसवतो : तिथेच जन्मलेली मुलं-नातवंडं 'इस्रायल' या रकान्यात जातात आणि इराकचं बगदाद, येमेनचं सना दिसेनासे होतात. म्हणून 1948-51 चा, आगमनाच्या वर्षांचा तक्ता काढा.

एक खूण ताटातही आहे. तळलेली वांगी आणि उकडलेलं अंडं भरलेल्या 'सबीख' या पदार्थावर तिथे आंबट पिवळी चटणी घालतात. इराकी ज्यूंनी नेलेल्या त्या चटणीचं नाव 'अंबा'. आपला आंबाच तो.