सार्वत्रिक रिमोट हब

सार्वत्रिक रिमोट हब : घरातील दूरचित्रवाणी संच, सेट-टॉप बॉक्स, वातानुकूलक, रिमोटवर चालणारा पंखा अशा निरनिराळ्या उपकरणांना त्यांच्या मूळ रिमोटच्या जागी स्वतः आज्ञा देणारे आणि वाय-फायमार्गे मोबाइलला जोडलेले छोटे उपकरण. बोलीत त्याला ‘आयआर ब्लास्टर’ म्हणतात. कोकणातल्या घरांत मात्र ‘ती डबी’ एवढ्यावरच भागते. डबी तळहातात मावेल एवढी असून ५ व्होल्टच्या साध्या मोबाइल चार्जरवर चालते. मोबाइलवरून आलेली आज्ञा राउटरमार्फत तिच्यापर्यंत पोहोचते आणि ती त्या आज्ञेचे अवरक्त (इन्फ्रारेड) किरणांच्या लुकलुकण्यात रूपांतर करून खोलीभर पसरवते. ज्या उपकरणासाठी तो संकेत असेल ते तो ओळखते. बाकीची दुर्लक्ष करतात. या व्यवस्थेचा सर्वांत महत्त्वाचा गुणधर्म असा की हब बोलतो, पण उपकरणाचे उत्तर त्याला ऐकू येत नाही. आज्ञा पोहोचली की नाही, उपकरण सुरू झाले की बंद, हे त्याला कळण्याची सोय मुळातच नसते. किनारपट्टीवरील घरांत या साधनाचा जो उपयोग होतो आणि जी फसगत होते, त्या दोन्हींचे मूळ याच एका गोष्टीत आहे.

पूर्वपीठिका : दुरून चालवण्याची पहिली साधने दूरचित्रवाणीसाठी आली. अमेरिकेतील झेनिथ कंपनीने १९५० मध्ये आणलेले साधन वायरने जोडलेले होते आणि ती वायर दिवाणखान्यात पायांत येई. १९५५ मध्ये त्याच कंपनीच्या यूजीन पॉली यांनी प्रकाशाच्या झोतावर चालणारे साधन केले, पण खिडकीतून आलेल्या उन्हानेही वाहिनी बदलू लागली. पुढच्याच वर्षी रॉबर्ट अॅडलर यांचे श्राव्यातीत ध्वनीवर चालणारे रिमोट आले आणि ते बरीच वर्षे टिकले. अवरक्त किरणांचे रिमोट रूढ झाल्यावर प्रत्येक कंपनीने आपली वेगळी संकेतभाषा ठरवली, त्यामुळे घरात रिमोटांची संख्या वाढत गेली. अनेक रिमोटांचे संकेत शिकून घेणारे एकच रिमोट अॅपलचे सहसंस्थापक स्टीव्ह वॉझ्निअॅक यांच्या नंतरच्या कंपनीने १९८७ मध्ये बाजारात आणले. आजचा हब हा त्याचाच वंशज आहे. फरक इतकाच की बटणे मोबाइलमध्ये गेली आणि राहिली ती फक्त किरण फेकणारी डबी.

कोकणात या साधनाला गिऱ्हाईक मिळण्याचे एक कारण डोंगराळ भूरचनेत आहे. वाड्या विखुरलेल्या आणि मधे घाटी-पऱ्हे असल्याने केबलची तार अनेक ठिकाणी पोहोचलीच नाही. भारतात २००३ पासून सुरू झालेल्या थेट उपग्रह सेवेची छत्री मात्र कौलांवर किंवा अंगणातल्या खांबावर सहज बसली. त्यामुळे टीव्हीचा एक आणि बॉक्सचा एक असे दोन रिमोट घरोघरी आले. उन्हाळ्याच्या उकाड्याने एखाद्या खोलीत वातानुकूलक बसला की तिसरा येतो. खाऱ्या हवेने या रिमोटांतील सेलच्या स्प्रिंगांना गंज चढतो, आणि तो कानशीने घासून काढणे हा किनाऱ्यावरच्या घरांतला एक नित्याचा उद्योग आहे.

संकेताची रचना : रिमोटच्या टोकाशी असलेला एलईडी सामान्यतः ९४० नॅनोमीटर तरंगलांबीचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश देतो. हा प्रकाश अखंड नसतो. तो सेकंदाला सुमारे ३८,००० वेळा लुकलुकतो, आणि उपकरणातील ग्राहक, म्हणजे संकेत टिपणारा भाग, नेमक्या याच लयीला प्रतिसाद देत असल्याने ऊन व दिव्यांचा प्रकाश तो बाजूला टाकू शकतो. काही कंपन्या ३६ किंवा ४० किलोहर्ट्झची लय वापरतात. या लुकलुकण्याचे लहानमोठे झोत आणि त्यांमधील अंतरे यांत आज्ञा गुंफलेली असते. एनईसी या फार प्रचलित पद्धतीत आधी ९ मिलिसेकंदांचा लांब झोत येतो, मग साडेचार मिलिसेकंदांची शांतता, आणि नंतर ३२ बिटांत उपकरणाचा पत्ता व बटणाचा क्रमांक, प्रत्येकाच्या पाठोपाठ त्याचीच उलटी प्रत (शून्याच्या जागी एक, एकाच्या जागी शून्य). शून्यासाठी सुमारे सव्वा मिलिसेकंदाहून थोडा कमी आणि एकासाठी त्याच्या दुप्पट वेळ लागतो. सगळी आज्ञा ७० मिलिसेकंदांच्या आत संपते. उलटी प्रत जुळली नाही तर ग्राहक ती आज्ञा सोडून देतो. चुकीची आज्ञा पाळण्यापेक्षा न पाळलेली बरी, असा त्यामागचा विचार आहे.

वातानुकूलकाचा रिमोट याहून वेगळा वागतो आणि हा फरक समजल्याशिवाय हब नीट वापरता येत नाही. टीव्हीच्या रिमोटवरचे ‘आवाज वाढव’ हे बटण तेवढीच एक आज्ञा पाठवते. वातानुकूलकाच्या रिमोटवर तापमान एका अंशाने वाढवले तरी तो दर वेळी संपूर्ण स्थिती सांगतो : चालू, थंड, २६ अंश, पंखा मध्यम, झडपा हलत्या. त्यामुळे त्याचा संकेत बराच लांब असतो आणि रिमोटच्या पडद्यावर दिसणारा आकडा म्हणजे रिमोटची स्वतःची समजूत असते, यंत्राकडून आलेले उत्तर नव्हे. हबलाही हीच समजूत स्वतःकडे बाळगावी लागते. घरातल्या कुणी मूळ रिमोटने २२ अंश केले तर मोबाइलवर २६ च दिसत राहतात. तरीही पूर्ण स्थिती सांगण्याच्या या पद्धतीचा मोठा फायदा आहे : ‘बंद’ म्हणजे बंदच, ती आज्ञा दहा वेळा पाठवली तरी यंत्र चालू होत नाही.

टीव्हीच्या बाबतीत नेमके हेच होत नाही. बहुतेक संचांवर चालू आणि बंद यांसाठी एकच बटण असते आणि ते असलेली स्थिती उलटवते. रात्री अकराला टीव्ही बंद व्हावा असे वेळापत्रक हबमध्ये लावले, आणि त्या दिवशी लाइट गेल्यामुळे आजोबा दहालाच झोपायला गेले, तर लाइट परत आलेली असताना अकराच्या ठोक्याला टीव्ही सुरू होऊन वाहिनीवरच्या भांडणाने सगळे घर जागे होते. पावसाळ्यात जिथे दिवसातून दोन-तीनदा वीज जाणे कुणाला नवल वाटत नाही, तिथे हा प्रकार अपवाद ठरत नाही. काही संचांना चालू व बंद यांचे स्वतंत्र संकेतही समजतात, पण त्यांची बटणे मूळ रिमोटवर नसल्याने ते तयार संकेतसंग्रहातून शोधून हबमध्ये भरावे लागतात. दुसरा उपाय म्हणजे विजेचा खप मोजणारा स्मार्ट प्लग मधे घालून संच खरोखर चालू आहे का हे त्यावरून ताडणे. बहिऱ्या हबला कान देण्याचा हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे.

बसवणे आणि शिकवणे : हबच्या अॅपमध्ये कंपनी व प्रकार निवडला की संग्रहातील संकेत तपासून पाहता येतात. त्यात आपले उपकरण न सापडल्यास हबला शिकण्याच्या स्थितीत ठेवून मूळ रिमोट त्याच्यासमोर वीतभर अंतरावर धरावा आणि एकेक बटण दाबावे. हब तो संकेत नोंदवून ठेवतो. वातानुकूलकाचे संकेत असे एकेक करून शिकवणे मात्र कंटाळवाणे आहे, कारण प्रत्येक तापमान आणि प्रत्येक वेग ही स्वतंत्र आज्ञा ठरते. तिथे १८ पासून ३० पर्यंत सगळे न शिकवता घरात खरोखर लागणाऱ्या तीन-चार स्थिती शिकवणे शहाणपणाचे. हब किरण फेकतो की नाही हे पाहण्यासाठी मोबाइलचा पुढचा कॅमेरा त्याच्याकडे रोखून आज्ञा द्यावी. बहुतेक फोनांच्या पडद्यावर जांभळट पांढरी लुकलुक दिसते.

अवरक्त किरण भिंतीच्या पार जात नाहीत. त्यामुळे एका खोलीला एक हब हा हिशेब धरावा लागतो आणि माजघरातल्या हबने ओटीवरचा टीव्ही चालेल अशी आशा धरू नये. चुना लावलेल्या पांढऱ्या भिंतीवरून किरण चांगले परावर्तित होतात, म्हणून हब उपकरणाच्या अगदी समोर नसला तरी चालतो. गडद सागवानी कपाटात ठेवला तर चालत नाही. वाय-फायची अडचण निराळी आहे. बहुतेक हब २.४ गिगाहर्ट्झचाच पट्टा वापरतात, त्यामुळे राउटरवर फक्त ५ गिगाहर्ट्झ सुरू असेल तर जोडणीच होत नाही. जांभ्याच्या जाड भिंतींतून २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी जातात, पण दुबळ्या होऊन. पावसाळ्यात भिंत ओल धरते तेव्हा पाणी त्या आणखी शोषते आणि मे महिन्यात उत्तम चालणारी जोडणी आषाढात तुटू लागते. राउटर एका खोलीने जवळ आणणे हाच त्यावर खरा इलाज.

काय चालते, काय नाही : हबच्या आवाक्यात तीच उपकरणे येतात ज्यांना मुळात अवरक्त रिमोट आहे. कमी वीज खाणारे बीएलडीसी पंखे यात बसतात, मात्र त्यांतले काही अवरक्त नव्हे तर रेडिओ लहरींवर चालतात आणि त्यांसाठी ४३३ मेगाहर्ट्झची सोय असलेला हब लागतो. भिंतीवरच्या रेग्युलेटरचा जुना पंखा, ट्यूबलाइट, इन्व्हर्टर यांना हब काहीही सांगू शकत नाही. नारळी-पोफळीच्या वाडीतला पाण्याचा पंप दुरून चालावा ही इथली सर्वांत मोठी मागणी असते, पण ते काम सिमकार्ड घातलेल्या मोबाइल स्टार्टरचे आहे. हब घेतला म्हणजे पंपही चालेल, अशा समजुतीने केलेली खरेदी वाया जाते.

किनाऱ्यावरील उपयोग : हबचा खरा उपयोग निवाऱ्याच्या व्यवसायात झाला आहे. तारकर्ली, गुहागर, दिवेआगर, हर्णै या भागांतल्या घरगुती निवासांत पाहुणे समुद्रावर जातात आणि खोलीतला वातानुकूलक दिवसभर चालू राहतो. मालकाला दार न ठोठावता तो बंद करता येतो, आणि १८ अंशांवर लावलेला २४ वर आणता येतो. भारतात १ जानेवारी २०२० पासून वीजबचतीचे तारांकन असलेले खोली-वातानुकूलक सुरू होताना २४ अंशांवरच सुरू व्हावेत असा नियम आहे. मात्र पाहुण्याने नंतर तापमान उतरवण्यावर त्याने बंधन येत नाही. खोलीत माणूस असताना त्याला न सांगता थंडावा कमी करणे हा आतिथ्याचा प्रश्न आहे आणि तो हब सोडवत नाही.

काही हबांना तापमान व आर्द्रता मोजणारा संवेदक जोडता येतो. मुंबई ते वेंगुर्ल्यापर्यंतच्या पावसाळी हवेत गाद्या-पुस्तकांवर बुरशी धरते. आर्द्रता ठरावीक टक्क्यांच्या वर गेली की वातानुकूलक तासभर ‘ड्राय’ स्थितीत चालावा अशी योजना लावणे हा हबचा कोकणाला साजेसा आणि दुर्लक्षित उपयोग आहे.

दुसरा उपयोग घरच्या वडीलधाऱ्यांचा. गावी आई एकटी, मुलगा डोंबिवलीला. तिच्याकडून बॉक्सचे भलतेच बटण दाबले जाते आणि पडदा निळा पडतो. मुलगा मोबाइलवरून आज्ञा पाठवतो आणि फोनवर विचारतो, “आई, लागलो काय?” “लागलो, पण आवाज नाय.” मग आवाजाची आज्ञा जाते. हबकडे नसलेली परतीची वाट इथे आईच्या फोनने पुरी होते. चाकरमान्यांच्या बंद घरांना मात्र हब फारसा उपयोगी नाही : गणपती आटोपून निघताना लोक मेन स्विच खाली करतात, आणि करावाच.

वीज आणि हवामान : वळवाच्या आणि परतीच्या पावसात गडगडू लागले की टीव्हीची पिन आणि छत्रीची वायर काढून ठेवणे ही कोकणात अंगवळणी पडलेली सवय आहे. हबच्या चार्जरलाही तीच शिस्त लावावी. गावात ऑप्टिकल फायबर आले असले आणि काच वीज वाहून नेत नसली, तरी विजेचा धक्का सॉकेटमधून येतोच. ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर धडकलेल्या निसर्ग चक्रीवादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोली परिसरात अनेक गावे आठवडेच्या आठवडे अंधारात होती. अशा वेळी हब, राउटर आणि मोबाइलचा मनोरा हे तिन्ही एकदमच मुके होतात. रोजच्या लहान खंडांसाठी मात्र राउटर आणि हब छोट्या डीसी यूपीएसवर ठेवले तर भागते, कारण हबला वीज नाममात्र लागते. लाइट आल्यावर वातानुकूलक आपोआप पूर्वीच्या स्थितीत सुरू होतो की बंद राहतो हे आधी पाहून ठेवावे, कारण हबला ते कळणार नाही.

परावलंबन : बाजारातले बहुसंख्य हब कंपनीच्या सर्व्हरमार्फत चालतात. इंटरनेट गेले तर घरात बसूनही आज्ञा जात नाही, आणि कंपनीने सेवा थांबवली तर डबी निरुपयोगी होते. घरगुती यंत्रणेसाठी विकला गेलेला रिव्हॉल्व्ह हब १५ मे २०१६ रोजी सेवा थांबताच निकामी झाला. लॉजिटेक कंपनीने आपल्या हार्मनी या सार्वत्रिक रिमोटांचे उत्पादन २०२१ मध्ये थांबवले, पण चालू ग्राहकांची सेवा ठेवली. यावर पर्याय म्हणून हौशी मंडळी ईएसपी ८२६६ ही स्वस्त वाय-फाय चिप, एक ट्रान्झिस्टर आणि अवरक्त एलईडी जोडून स्वतःचा हब तयार करतात आणि तो होम असिस्टंट या मुक्त प्रणालीला जोडतात. त्याला बाहेरच्या सर्व्हरची गरज नसते. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी निदान खाते कुणाच्या नावावर आहे ते लक्षात ठेवावे. निवासाचा व्यवस्थापक बदलला आणि पासवर्ड तोच राहिला, तर जुन्या माणसाच्या मोबाइलमधून खोलीचा वातानुकूलक मध्यरात्री सुरू होऊ शकतो, आणि तो कुणी सुरू केला हेही हब सांगू शकत नाही. मूळ रिमोट सेल काढून, कोरड्या डब्यात तांदळाच्या पुरचुंडीसह जपून ठेवावेत. हब बिघडला की दुसऱ्याला शिकवायला तेच लागतात.