चष्म्याच्या नंबराची चिठ्ठी कशी वाचावी: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

डोळे तपासून झाल्यावर हाती येणाऱ्या चिठ्ठीवर थोडेच आकडे असतात. परंतु त्यांतील एखादे चिन्ह उलटे लिहिले गेले किंवा दशांशचिन्ह निसटले, तर काच निर्दोष असूनही चष्मा डोळ्यांना मानवत नाही. म्हणून काचा बनवायला टाकण्यापूर्वी आपला नंबर आपणही आमच्याबरोबर वाचून पाहावा, अशी विनंती आहे.

प्रत्येक डोळ्याची ओळ स्वतंत्र असते. काही चिठ्ठ्यांवर उजव्या डोळ्यासाठी ‘ओडी’ आणि डाव्यासाठी ‘ओएस’ ही लॅटिन आद्याक्षरे असतात. पहिल्या रकान्यातील स्फेरिकल, म्हणजेच ‘एसपीएच’, हा मुख्य नंबर होय. त्यापुढे उणे चिन्ह असल्यास लांबचे अंधुक दिसते. अधिक चिन्ह असल्यास डोळ्याला स्पष्ट पाहण्यासाठी, विशेषतः जवळचे पाहताना, जादा ताण घ्यावा लागतो. नंबर डायॉप्टर या एककात आणि बहुधा ०.२५ च्या टप्प्यांनी लिहितात. उणे २.०० नंबर असलेल्या डोळ्याला चष्म्याशिवाय साधारण ५० सेंटिमीटरपर्यंतचे स्पष्ट दिसते, तर उणे ४.०० असल्यास २५ सेंटिमीटरपर्यंतचे; कारण १ मीटरला नंबराने भागले की हे अंतर मिळते. चिठ्ठीवर कधीकधी दिसणारे ‘६/६’ हा मात्र चष्म्याचा नंबर नव्हे. ६ मीटरवरून तक्त्यावरील कोणती ओळ वाचता आली, याची ती नोंद असते.

ज्या डोळ्याच्या पारदर्शक पटलाची वक्रता सर्व दिशांना सारखी नसते, त्याला बहुधा सिलिंड्रिकल नंबर लागतो आणि तो ‘सीवायएल’ या रकान्यात येतो. त्याच्याबरोबर १ ते १८० अंशांमधील अक्ष, म्हणजे ‘ॲक्सिस’, असलाच पाहिजे. हा आकडा नंबराची तीव्रता सांगत नाही, तर काच कोणत्या कोनात बसवायची ते सांगतो. त्यामुळे १७० अक्ष पाहून घाबरण्याचे कारण नाही. सिलिंडर जितका मोठा, तितकी अक्षातील थोडीशी चूकही अधिक जाणवते. फ्रेम वाकडी झाली की चांगल्या चष्म्यातूनही नीट दिसेनासे होते, याचे एक कारण हेच आहे.

दोन ठिकाणच्या चिठ्ठ्या वेगळ्या दिसल्या, म्हणजे नंबर बदललाच असे समजू नये. ‘उणे १.००, सिलिंडर उणे १.५०, अक्ष १८०’ आणि ‘उणे २.५०, सिलिंडर अधिक १.५०, अक्ष ९०’ या दोन्ही एकाच काचेच्या नोंदी आहेत. स्फेरिकल व सिलिंडर यांची चिन्हांसह बेरीज करावी, सिलिंडरचे चिन्ह बदलावे आणि अक्ष ९० अंशांनी फिरवावा, म्हणजे एका पद्धतीतून दुसरी मिळते. त्यापैकी अर्धाच बदल केल्यास मात्र काच पूर्णपणे चुकते. म्हणून चिठ्ठी फोनवरून तोंडी सांगण्याऐवजी मूळ प्रत किंवा तिचे स्पष्ट छायाचित्र द्यावे, असा आमचा आग्रह असतो.

चाळिशीनंतर ‘ॲड’ हा आणखी एक आकडा येतो. तो वाचनाचा संपूर्ण नंबर नसून लांबच्या नंबरात मिळवायचा भाग असतो. लांबचा नंबर अधिक १.०० आणि ॲड अधिक २.०० असल्यास वाचनासाठी अधिक ३.०० लागतो; लांबचा उणे २.०० असल्यास तीच ॲड मिळवून शून्य उरते. अशी व्यक्ती चष्मा काढून सहज वाचते, ती यामुळेच.

‘पीडी’ म्हणजे दोन बाहुल्यांमधील मिलिमीटरमधले अंतर. हे चिठ्ठीवर नसल्यास आम्ही मोजून घेतो आणि प्रोग्रेसिव्ह काचांसाठी, म्हणजे लांबचा ते जवळचा नंबर एकाच काचेत असलेल्या काचांसाठी, प्रत्येक डोळ्याचे माप नाकाच्या मध्यापासून वेगळे घेतो. काचेचा केंद्रबिंदू बाहुलीसमोर आला नाही, तर मोठ्या नंबरात डोळ्यांवर ताण येतो किंवा दुहेरी दिसू शकते.

कॉन्टॅक्ट लेन्ससाठी हीच चिठ्ठी वापरू नये. चष्म्याची काच डोळ्यापासून सुमारे १२ ते १४ मिलिमीटर दूर असते, तर लेन्स डोळ्यावरच बसते. त्यामुळे साधारण ४.०० च्या पुढे नंबर बदलावा लागतो, शिवाय लेन्सची वक्रता आणि व्यासही तपासून ठरवावे लागतात.

नव्या चष्म्यातून पहिले काही दिवस जमीन तिरकी किंवा वर आल्यासारखी वाटू शकते, विशेषतः सिलिंडर बदलला असल्यास. त्यानंतरही त्रास राहिल्यास नवा चष्मा, जुना चष्मा आणि चिठ्ठी अशा तिन्ही गोष्टी घेऊन यावे. आम्ही लेन्सोमीटरवर काचेचा नंबर, अक्ष आणि केंद्रबिंदू तपासतो, आणि ते चिठ्ठीप्रमाणे असूनही नीट दिसत नसेल, तर डोळे पुन्हा तपासून घेण्यास सांगतो.